केक-पावाचा मिक्सर घेताना काय पाहावे?

घरच्या घरी केक, बन, नानखटाई, शीरमाल तयार करून विकणाऱ्या भगिनींची संख्या आपल्या वस्त्यांमधून वाढत आहे. २०२० च्या टाळेबंदीत अनेक घरांत ओव्हन आले. त्यांतील बरेच आज माळ्यावर आहेत, पण काही ओव्हन घरखर्चाला चांगला हातभार लावत आहेत. ओव्हननंतरची दुसरी मोठी खरेदी म्हणजे स्टँड मिक्सर. उभ्या खांबाचे, स्वतःचे भांडे असलेले, पीठ मळणारे आणि अंडी-मलई फेटणारे हे यंत्र. ही खरेदी बहुधा घरातील पुरुष करतो, आणि खोक्यावरील वॅटचा आकडा व सवलतीची टक्केवारी पाहून करतो. यंत्र वापरणारीला कोणी काही विचारत नाही. दहा-पंधरा हजार रुपये ही कारागिराच्या घरात लहान रक्कम नव्हे. त्या रकमेच्या बदल्यात नेमके काय घरी येते, हे समजून घेण्यासाठी हा लेख.

मिक्सर म्हटले की आपल्याकडे चटणी-मसाल्याचा मिक्सर डोळ्यांसमोर येतो. त्याची रीत वेगळी. त्यात पाते मिनिटाला हजारो फेरे मारते आणि जिन्नस कापला जातो. पीठ मळण्यात कापायचे काही नसते. पीठ ओढायचे, दुमडायचे, पुन्हा ओढायचे असते, आणि तेही सावकाश. स्टँड मिक्सरमध्ये भांडे जागेवर स्थिर राहते. वरून खाली आलेले अवजार स्वतःभोवती फिरते आणि त्याच वेळी भांड्याच्या कडेकडेने उलट दिशेने फेरी घेते. पृथ्वी स्वतःभोवती फिरत सूर्याभोवती फिरते तसे, म्हणून या रचनेस प्लॅनेटरी म्हणतात. अवजारे तीन असतात. पिठासाठी हुक, लोणी-साखर व केकच्या मिश्रणासाठी चपटा बीटर, आणि अंडी व मलईसाठी तारांचा व्हिस्क.

ही रचना नवी नाही. अमेरिकेतील ओहायो प्रांतात हॉबर्ट नावाची कंपनी बेकऱ्यांसाठी अशी मोठी यंत्रे बनवीत असे. तिनेच १९१९ साली घरात वापरण्याजोगे पहिले यंत्र किचनएड या नावाने काढले. ते ‘घरगुती’ यंत्र सुमारे ३० किलो वजनाचे होते! इंग्लंडमध्ये केनेथ वूड यांनी १९५० मध्ये केनवूड शेफ आणला. आज बाजारात दिसणारी बहुतेक यंत्रे, मग ती कोणत्याही देशातून येवोत, याच दोन घराण्यांची नक्कल आहेत. नक्कल वाईट असतेच असे नाही. कापडाच्या बाजारात आयुष्य गेलेल्या माणसाला हे सांगायला नको. फक्त बाहेरचा रंग सारखा असला तरी आतला ताणा-बाणा सारखा आहे का, हे पाहावे लागते.

आधी गरज आहे की नाही ते ठरवावे. महिन्यातून दोन-तीन केक होत असतील तर स्टँड मिक्सरची गरज नाही. दोन-तीनशे वॅटचा हातात धरायचा बीटर अंडी व मलई उत्तम फेटतो, आणि त्याची किंमत स्टँड मिक्सरच्या पाव हिश्शाहूनही कमी असते. मात्र त्याने पीठ मळू नये. सोबत दोन वळलेले हुक दिलेले असतात, ते पाहून मोह होतो, पण त्या मोटारीचा तो घास नव्हे. अर्धा किलो मैदा परातीत हाताने मळायला दहा-बारा मिनिटे लागतात. त्यातही एक युक्ती आहे. मैदा व पाणी नुसते एकत्र करून वीस-तीस मिनिटे झाकून ठेवावे आणि मग मीठ, खमीर घालून मळावे. निम्मे काम पाणी स्वतःच करून टाकते. फ्रान्सचे पावतज्ज्ञ रेमों काल्व्हेल यांनी १९७० च्या दशकात ही रीत रूढ केली. त्यामुळे आठवड्याला दोन-तीन किलो मैदा एवढाच व्यवहार असेल तर परात आणि घड्याळ यांवर काम भागते. यंत्राचा विचार त्यापुढे करावा, किंवा मनगट-खांदा दुखू लागला असेल तर त्याआधीही करावा. दुखणाऱ्या हाताची किंमत हिशेबात धरली जात नाही, पण ती असते.

आता मुख्य गोष्ट. केकवाल्यांची गरज आणि पाववाल्यांची गरज या दोन निरनिराळ्या आहेत, आणि दुकानदार दोघांनाही एकच यंत्र दाखवतो.

केकवाल्या भगिनीला भांड्याचा आकार महत्त्वाचा. अंडी व साखर फेटली की कितीतरी पट फुगतात. एक लिटर व्हिपिंग क्रीम फेटल्यावर तीन लिटरच्या आसपास जाते. त्यामुळे पाच लिटरचे भांडे हवेच. मोटारीवर मात्र या कामाचा बोजा फार नसतो. मलई म्हणजे निम्मी हवाच. उलट भांडे फार मोठे आणि काम लहान, अशीही अडचण होते. दोन अंडी सात लिटरच्या भांड्यात घातली तर व्हिस्क त्यांना शिवतही नाही, वरच्या वर फिरत राहतो. ज्यांचे केक बहुतेक अर्धा किलोचे आहेत त्यांनी मोठ्या भांड्याचा हव्यास धरू नये.

पाव, बन, शीरमाल, खमिरी रोटी करणारीला भांड्याहून मोटार आणि दातेचक्रे महत्त्वाची. येथे भांड्याच्या लिटरवर जाणे म्हणजे निव्वळ फसगत. पाच लिटरचे भांडे म्हणजे पाच किलो पीठ नव्हे. अशा यंत्रात एका वेळी अर्धा किलो, फार तर पाऊण किलो मैदा घ्यावा, तोही मऊ पिठासाठी. अर्धा किलो मैदा, तीनशे मिलिलिटर पाणी, साखर, मीठ, थोडे तूप मिळून साधारण साडेआठशे ग्रॅमचा गोळा होतो. ४५ ग्रॅमचा एक पाव धरला तर अठरा पाव, म्हणजे सहाच्या तीन लाद्या. रोज दहा लाद्यांची मागणी असलेल्या घरात हे यंत्र तीन-चार वेळा भरावे लागेल, हे घेण्याआधी कागदावर मांडून पाहावे.

पीठ जितके घट्ट, तितका बोजा जास्त. शंभर भाग मैद्याला साठ भाग पाणी असेल तर पीठ बऱ्यापैकी मऊ होते आणि यंत्र सुखाने चालते. तेच पन्नासवर आणले, उदाहरणार्थ खारीसाठी, की मोटार कण्हू लागते. चपातीची कणीक मळण्यासाठी हे यंत्र घेतोय, असे सांगणारे बरेच भेटतात. थोडी कणीक मळता येते, पण गव्हाचे पीठ पाणी जास्त पिते, अंगाला चिकट आणि जड असते. मोठ्या कुटुंबाची दोन वेळची कणीक रोज या यंत्रात मळणे म्हणजे घोड्याला नांगराला जुंपणे होय.

वॅटचा भ्रम

खोक्यावर मोठ्या अक्षरांत १२००, १५०० वॅट छापलेले असते. खरीददार समजतो की आकडा मोठा म्हणजे ताकद मोठी. मागवाल्या बंधूंनी हा हिशेब स्वतः करून पाहावा. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. साध्या शटलच्या यंत्रमागाला एक अश्वशक्तीची मोटार पुरते, आणि ती मोटार उचलताना कंबर लागते. मग ओट्यावरचे पाच किलोचे प्लॅस्टिकचे यंत्र दोन मागांइतकी ताकद देत असेल काय? अर्थातच नाही. तो आकडा यंत्र विजेकडून जास्तीत जास्त किती ओढू शकते याचा असतो, हुकापर्यंत किती पोहोचते याचा नव्हे. मधला हिस्सा उष्णता, आवाज आणि चक्रांची घासाघीस यांत जातो. त्या घरातल्या जुन्या, नावाजलेल्या किचनएडचे मध्यम यंत्र ३०० वॅटच्या आसपासचे आहे आणि ते चांगले पीठ मळते, कारण मोटारीची ताकद धातूच्या चक्रांमधून सरळ हुकाकडे जाते. स्वस्त यंत्रातली मोटार लहान असते, ती मिनिटाला दहा-पंधरा हजार फेरे मारते, आणि ते फेरे पट्टा व नायलॉनच्या चक्रांनी शे-दोनशेवर आणावे लागतात. भार पडला की तापते ती मोटार, आणि तुटते ते चक्र.

म्हणून खोक्याऐवजी यंत्राच्या बुडाशी चिकटवलेली पट्टी वाचावी. मोटार घेताना आपण नेमप्लेट वाचतोच, तसेच येथे. व्होल्ट, वॅट यांच्या शेजारी बहुधा एक वेळ लिहिलेली असते, जसे ‘केबी ५ मिनिटे’ किंवा ‘५ मिनिटे चालू, २ मिनिटे बंद’. याचा अर्थ यंत्र सलग तेवढाच वेळ चालवायचे, मग थांबायचे. केबी हे दोन इंग्रजी अक्षरांत जर्मन भाषेतून आलेले चिन्ह आहे, थोड्या वेळाच्या चालण्याचे. पावाचे पीठ यंत्रात तयार व्हायला सहा ते दहा मिनिटे लागतात. पाच मिनिटांच्या यंत्रावर लागोपाठ चार घाण काढले, तर कंपनीने आधीच लिहून ठेवलेली मर्यादा आपण ओलांडली असा अर्थ होतो. मला विचाराल तर साऱ्या खरेदीत ही एक ओळ सर्वांत महत्त्वाची आहे, आणि ती वाचणारा गिऱ्हाईक मी क्वचितच पाहिला.

वजन हीही एक साक्ष आहे. दहा-बारा किलोचे यंत्र कडाप्प्याच्या ओट्यावर जागेवर उभे राहते. चार-पाच किलोचे यंत्र घट्ट पीठ आले की चालू लागते, आणि एका हाताने त्याला धरून उभे राहावे लागते. मग यंत्र कशाला? खाली रबरी चटई घातली तर थोडा फरक पडतो.

मोटारीत कार्बन ब्रश असतील तर ते झिजतात, पण कोणताही मोटार-रिवाइंडिंगवाला ते बदलून देतो. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीत असे कारागीर गल्लोगल्ली आहेत. ब्रश नसलेल्या नव्या मोटारी आवाज कमी करतात आणि टिकतातही, मात्र त्यांचे इलेक्ट्रॉनिक कार्ड गेले की गल्लीतला उस्ताद हात वर करतो. घेण्याआधी दुकानदाराला तीन सुट्या भागांची नावे घेऊन विचारावे. दातेचक्र मिळेल का, ब्रश मिळतील का, गतीचे कार्ड मिळेल का, आणि कोणत्या शहरातून? ‘कंपनीत पाठवू’ हे उत्तर नव्हे. मुंबईत केकचे साहित्य क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरात आणि विजेचे सामान लोहार चाळीत मिळते. तेथील जुने दुकानदार कोणते यंत्र दुरुस्तीला वारंवार येते ते सांगतात, फक्त विचारणारा हवा.

उन्हाळा आणि पिठाची उष्णता

यंत्राने पीठ मळले की घर्षणाने ते तापते. थंड मुलखातील पुस्तकांत याचा उल्लेख ओझरता असतो, पण खानदेश-मराठवाड्यातील मे महिन्यात हाच मोठा प्रश्न होतो. मळून झालेले पीठ २४ ते २७ अंशांवर असावे. त्याहून गरम झाले तर खमीर बेलगाम धावते, पीठ चिकट होते, पाव आंबूस लागतो, आणि दोष मिक्सरला किंवा मैद्याला दिला जातो. बेकरीवाले यासाठी एक साधा हिशेब करतात. हवे असलेले तापमान तीनने गुणावे. त्यातून खोलीचे तापमान, मैद्याचे तापमान आणि यंत्राच्या घर्षणाचे सुमारे १२ अंश वजा करावेत. उरेल तेवढे पाण्याचे तापमान असावे.

मालेगावातील मे महिन्याची दुपार धरा. हवे २६ अंश, म्हणजे तिपटीने ७८. खोली ३६, मैदा ३५, घर्षण १२, बेरीज ८३. वजाबाकी शून्याच्या खाली जाते, म्हणजे नुसते फ्रिजचे पाणीही पुरणार नाही, बर्फ घालावा लागेल. आता तोच मैदा रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून १० अंशांवर आणला तर बेरीज ५८ होते आणि पाणी २० अंशांचे चालते, म्हणजे माठाच्या पाण्यात दोन खडे बर्फ. शंभर-दोनशे रुपयांचा तापमापक आणावा. महागड्या यंत्रानेही ही गरज टळत नाही. मळण्याची गती नेहमी पहिली किंवा दुसरीच ठेवावी. वेग वाढवला तर पीठ लवकर तापते.

पीठ झाले की नाही, हे घड्याळावरून नव्हे तर हाताने पाहावे. लिंबाएवढा गोळा घेऊन चारी बाजूंनी हळूहळू ताणावा. उजेडासमोर धरल्यावर मलमलीसारखा पारदर्शक पडदा झाला आणि फाटला नाही, तर पीठ तयार. लगेच चिरफाळला तर अजून दोन मिनिटे मळावे.

वॉरंटीची बारीक अक्षरे

माझ्या नात्यातील एका भगिनीने १४०० वॅटचे यंत्र ऑनलाइन मागवले. सात महिने उत्तम चालले. रमजानच्या दुसऱ्या अशऱ्यात बनच्या मागण्या वाढल्या, एका संध्याकाळी चार किलो मैदा लागोपाठ मळला गेला, आणि हुक फिरायचा थांबला. मोटार चालू, हुक बंद, म्हणजे चक्राचे दात गेले. दुरुस्ती केंद्राने पहिला प्रश्न विचारला, रोज किती मळता? तिने खरे ते सांगितले. उत्तर आले की वॉरंटी फक्त घरगुती वापरासाठी आहे, तुमचा वापर व्यावसायिक आहे. कागद उघडून पाहिला तर तसे लिहिलेले होते. सुटे चक्र मिळाले नाही, पूर्ण गिअरबॉक्स घ्यावा लागेल असे सांगण्यात आले, आणि त्याची किंमत ऐकून तिने ईदपर्यंत परातीतच मळले. त्या पंधरा दिवसांत निम्म्या मागण्या परत कराव्या लागल्या.

तिने खोटे बोलायला हवे होते, असे कोणी म्हणू नये. मुद्दा असा, की घरात बसून विकणारीचा वापर कंपनीच्या भाषेत घरगुती नाही. तेव्हा ज्यांचा व्यवहार नियमित आहे त्यांनी घरगुती यंत्र घेताना वॉरंटी शून्य धरूनच किंमत तोलावी. वॉरंटी शून्य धरली की पाच वर्षांची हमी देणारे महाग यंत्र आणि मोहल्ल्यात दुरुस्त होणारे साधे यंत्र यांतला सौदा पार बदलतो.

रोज तीन-चार किलोंच्या वर मैदा असेल तर घरगुती यंत्राचा नाद सोडावा. सात किंवा दहा लिटरचे लहान व्यावसायिक प्लॅनेटरी यंत्र पाहावे. दिसायला ओबडधोबड, आवाज जास्त, वजन भारी, पण सारी चक्रे धातूची असतात आणि रोजच्या कामासाठीच बांधलेली असतात. फक्त पाव-बनच करायचे असतील तर स्पायरल मिक्सर त्याहून चांगला. त्यात हुकाबरोबर भांडेही फिरते, पीठ कमी तापते, घट्ट पीठही निमूटपणे मळले जाते. मात्र त्यात मलई फेटता येत नाही. घेताना सिंगल फेजवर चालते का हे विचारावे, १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट आणि अर्थिंग करून घ्यावे. ओल्या हातांनी चालवायचे यंत्र आहे, अर्थिंगमध्ये कंजुषी नको.

आखातातून आलेल्या यंत्रांविषयी दोन शब्द. आपल्या कोकणी बंधूंच्या सामानातून हे मिक्सर पुष्कळ येतात. दुबईचे यंत्र येथे चालते, तेथेही २२०-२४० व्होल्ट व ५० हर्ट्झ आहे, फक्त चौकोनी पिनांचा प्लग बदलावा लागतो. सौदीत ६० हर्ट्झ आहे आणि जुन्या इमारतींतून १२७ व्होल्टही असे, म्हणून पट्टी वाचल्याशिवाय प्लग लावू नये. अमेरिकेहून आलेले १२० व्होल्टचे यंत्र सरळ लावले तर जळेल. ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि तो यंत्राच्या वॅटहून सव्वा-दीडपट मोठा हवा. भेट म्हणून आलेले यंत्र ट्रान्सफॉर्मरसह किती रुपयांना पडते, हेही मोजावे.

हप्ता, भिशी आणि हिशेब

‘नो कॉस्ट ईएमआय’ या शब्दांनी आपले अनेक बंधू निश्चिंत होतात की यात व्याज नाही. कागद वेगळे सांगतो. समजा यंत्र १२,००० चे आहे आणि दोन हजारांचे सहा हप्ते आहेत. बँकेचा दर सालाना १५ टक्के असेल तर दुकान किंवा कंपनी सुमारे पाचशे रुपये सवलत म्हणून आधी वजा करते, बँक साधारण साडेअकरा हजारांचे कर्ज लिहिते, आणि तेच पाचशे रुपये व्याज म्हणून हप्त्यांतून वसूल करते. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे नव्वदच्या आसपास रुपये, वरून आपल्या खिशातून जातात. काही ठिकाणी प्रक्रिया शुल्कही असते. म्हणजे व्याज आहेच, फक्त ते कोणाच्या सवलतीने झाकले एवढाच प्रश्न. शरीअतचा निर्णय उलेमांना विचारावा, पण आपण कोणत्या कागदावर सही करतो हे व्यापाऱ्याला माहीत असायलाच हवे.

दुसरे मार्ग आहेत. बोली न लावता चिठ्ठीने निघणारी भिशी आपल्या स्त्रियांत जुनी आहे. दहा जणी, महिन्याला दीड हजार, दहा महिन्यांत दहा यंत्रे. काही गावांत बैतुलमाल अशा कामासाठी बिनव्याजी कर्ज देते. ओळखीचा दुकानदार उधारीत विकत असेल तर रोखीचा आणि उधारीचा भाव वेगळा असण्यास बहुतेक उलेमा हरकत घेत नाहीत, मात्र सौदा होतानाच एक भाव पक्का व्हावा आणि हप्ता चुकला म्हणून तो पुढे वाढू नये. दोघी-तिघींनी भागीत एकच यंत्र घेण्याचा विचार मला फारसा पटत नाही. रमजानमध्ये तिघींनाही ते एकाच संध्याकाळी लागते. त्यापेक्षा एकीने घ्यावे आणि ठराविक भाड्याने, म्हणजे इजाऱ्याने, इतरांना द्यावे. तुटले तर कोणाचे, ही भांडणाची जागा त्यात उरत नाही.

यंत्राचा खर्च मालावर कसा बसतो तेही पाहावे. १४,००० चे यंत्र, तीन वर्षे आयुष्य धरले, तर महिन्याला सुमारे ३९० रुपये. महिन्याला सहाशे पाव विकले जात असतील तर एका पावावर ६५ पैसे. हे पैसे भावात धरायचे आणि दर महिन्याला वेगळ्या डब्यात टाकायचे, म्हणजे पुढच्या यंत्रासाठी कोणापुढे हात पसरावा लागत नाही. वीज यात नगण्य आहे. तीनशे वॅट ओढणारे यंत्र दहा मिनिटे चालले तर एका युनिटचा विसावा हिस्सा. बिल घरातल्या नव्हे, धंदा करणारीच्या नावाने घ्यावे. अन्न विकणाऱ्याला, घरातून विकत असला तरी, एफएसएसएआयची नोंदणी लागते, आणि तेथेही नाव तिचेच असावे. जकातीविषयी नेहमी विचारणा होते म्हणून लिहितो. वापरायच्या यंत्रावर जकात नाही, ते कारागिराचे अवजार आहे. विक्रीसाठी ठेवलेला मैदा, तूप, तयार माल व रोख रक्कम हिशेबात येते. मिक्सर विकणाऱ्या दुकानदाराच्या गोदामातले मिक्सर मात्र माल आहेत.

हलालच्या दृष्टीने यंत्रात काही वावगे नाही, पण त्याच्यासोबत येणाऱ्या वस्तू पाहाव्यात. पावावर अंडे लावण्याचे ब्रश काही वेळा डुकराच्या राठ केसांचे असतात. नैसर्गिक केसांचा ब्रश कितीही सुबक असला तरी कशाचा आहे हे कळत नसेल तर घेऊ नये, सिलिकॉनचा घ्यावा. केक जेलमधील ४७१ क्रमांकाचा पदार्थ वनस्पतीचाही असतो व चरबीचाही. पाकिटावर हिरवा ठिपका असेल तर तो प्रश्न सुटतो. जिलेटिनचे मात्र नुसते नाव वाचून सोडून देऊ नये, स्रोत विचारावा. व्हॅनिला इसेन्स घेताना त्यात अल्कोहोल आहे का, ते लेबलवर पाहावे.

अवजारे शक्यतो स्टेनलेस स्टीलची मागावीत. पॉलिश केलेल्या ॲल्युमिनियमचा हुक भांड्यांच्या पावडरीने घासला की काळा-करडा डाग सोडतो, आणि तो डाग पांढऱ्या क्रीममध्ये उतरतो. पांढरे आवरण चढवलेला बीटर चालतो, पण आवरणाचा टवका उडाला तर तो फेकून द्यावा.

दुकानात यंत्र रिकामे फिरवून दाखवतात. रिकामे कोणतेही यंत्र छान फिरते. घरून एक किलो मैदा न्यावा, अर्धा किलो तेथे मळून दाखवा म्हणावे. दुकानदार नाही म्हणाला तर तेही एक उत्तरच आहे. पीठ मळताना वरचे डोके उचलले जाते का, यंत्र सरकते का, जळका वास येतो का, आठ मिनिटांनी डोक्यावर हात ठेवता येतो का, हे पाहावे. मग भांडे पुसून त्यात दोन रुपयांचे नाणे टाकावे, चपटा बीटर लावून सर्वांत कमी गतीवर चालवावे. बीटरने दर फेरीला नाणे थोडे थोडे पुढे सरकवले तर उंची बरोबर आहे. नाणे जागचे हलले नाही तर बीटर फार वर आहे, तळाचे लोणी-साखर तसेच राहील. खडखडून उडाले तर फार खाली आहे, भांडे घासेल. चांगल्या यंत्रात उंची कमी-जास्त करण्याचा एक स्क्रू असतो. तो कोठे आहे, हे दुकानदाराकडूनच तेथल्या तेथे दाखवून घ्यावे.